मुठीची वरची बाजू

मा. साहेब,

आपली कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिच्यात सात प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी तीन ओळी आखून दिल्या आहेत. तीन ओळींत माझी चूक बसते, माझा अपमान बसत नाही. म्हणून पुरवण्या जोडल्या आहेत. समासातल्या नोंदी माझ्या बायकोच्या आहेत. माझं अक्षर वाचता येत नाही अशी आपली जुनी तक्रार असल्यामुळे पक्की प्रत ती काढते आहे, आणि तिच्या नोंदी वगळण्याचा अधिकार मला या घरात नाही.

[समास: कुठल्याच घरात नाही.]

प्रश्न १. कार्यालयाचा गोल शिक्का शुक्रवारी सायंकाळी कार्यालयाबाहेर कोणी, कशातून व कोणाच्या परवानगीने नेला?

मी. जेवणाच्या डब्यातून. कोणाच्याही नाही.

झालं. एक ओळ उरलीसुद्धा. पण शिक्का घरी न्यावा का लागला, हे नोटिशीत विचारलेलंच नाही. का नाही, ते आपल्याला ठाऊक आहे.

महिन्यापूर्वी आपल्या केबिनच्या खिडकीची कडी बसत नव्हती. आपण इकडेतिकडे पाहिलंत, माझ्या टेबलावरचा शिक्का उचललात आणि त्याच्या मुठीने कडी ठोकलीत. कडी बसली. मूठ उभी चिरली. आपण ती परत माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "जुनी झाली होती हो." जुना मीही झालो आहे. माझ्या डोक्याने अजून कोणी कडी ठोकलेली नाही.

ती मूठ एकोणीस वर्षं माझ्या हातात होती. तिच्या एका बाजूला माझ्या अंगठ्याने खळगा पाडला होता. शाईच्या गादीवरून कागदावर जाताना मी खाली कधी पाहिलं नाही. समोरच्या माणसाकडे पाहत, त्याचं रडगाणं ऐकत शिक्का मारायचो. हे वाक्य गहिवरून लिहिलेलं नाही. ते पुढे पुरावा म्हणून लागणार आहे.

मी रीतसर मागणी केली. भांडारपाल म्हणाले, यादीत 'शिक्का' आहे, 'मूठ' नाही. मूठ हवी तर अख्खा शिक्का मागवा. अख्खा हवा तर आधीचा पूर्ण निकामी झाल्याचा दाखला आणा. दाखल्याला शिक्का लागतो. मी चिकटपट्टी गुंडाळलेल्या मुठीने त्या दाखल्यावर शिक्का मारून नेला. भांडारपालांनी तो उजेडात धरला.

"झकास उठलाय की! मग निकामी कसा?"

या माणसाला सरकार पगार देतं.

आपल्याकडे आलो तर आपण म्हणालात, "प्लास्टिकचा मागवू या. दाबला की आपोआप शाई लागते. मॉडर्न." 'मॉडर्न' म्हणताना आपण खुर्ची अर्धी गोल फिरवता आणि मग ती परत आणता. अर्धी का, हा प्रश्न कर्मचाऱ्यांत अनेक वर्षं चर्चेत आहे.

मी म्हणालो, "मूठ मी घरी करून आणतो. माझ्याकडे लेथ आहे."

आपण हसलात. मोठ्याने नाही, नाकातून. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात नोंदवायचीच असेल, तर ती त्या नाकापासून नोंदवावी.

प्रश्न २. उलट्या अथवा तिरप्या शिक्क्याचा कागद हा कार्यालयाच्या दृष्टीने बिनशिक्क्याचा कागद समजण्यात येईल व त्यावर फेरशिक्का मारून घेईपर्यंत तो अंमलात येणार नाही, हे आपणांस मान्य आहे काय?

मान्य.

या उत्तराला पुरवणी नाही. फक्त ते मी सहीनिशी दिलं आहे आणि प्रश्नाखाली आपलीही सही आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

प्रश्न ३. आपल्या राहत्या घरी लाकूड कातण्याचे यंत्र आहे हे खरे काय? असल्यास त्यावर आजवर कोणकोणत्या वस्तूंचे उत्पादन झाले?

यंत्र आहे. 'उत्पादन' हा शब्द मात्र घाईचा आहे.

लेथ म्हणजे काय, ते आपल्यासाठी थोडक्यात. लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये घट्ट पकडायचा. तो गरगर फिरू लागतो. समोरच्या पट्टीवर पटाशी टेकवून ती हळूच पुढे सरकवायची. पटाशी जागेवर राहते, लाकूड फिरतं आणि गोल होत जातं. आपल्या कार्यालयात नेमकं उलट चालतं. कागद जागेवर राहतो आणि माणूस फिरतो. तोही शेवटी गुळगुळीतच होतो.

हे लेथ जुनंच, पण छोटं आणि देखणं आहे. मी ते बाल्कनीत ठेवलं. बाल्कनीत पूर्वी कपडे वाळत. आता ते दिवाणखान्यात वाळतात आणि पाहुणे आले की त्यांना टॉवेल बाजूला सारून बसावं लागतं.

[समास: पाहुणे येत नाहीत आता. तो एक फायदा.]

पहिल्या आठवड्यात मी फुलदाणी करायला घेतली. लेथवर नवशिक्याने फुलदाणी करू नये, हे सगळी पुस्तकं सांगतात. म्हणूनच मी फुलदाणीच घेतली. ती आतून कोरताना एका बाजूला पातळ झाली, म्हणून वरून कापली. तेव्हा ती वाटी झाली. वाटीच्या काठाला पटाशी अडकली आणि काठ गेला. तेव्हा ती बशी झाली. बशी घासून सारखी करता करता बुडाला भोक पडलं. भोक पडल्यावर ती काय झाली, हे घरात कोणी बोललं नाही. सासऱ्यांनी फक्त विचारलं.

सासरे आमच्याकडे राहतात. चाळीस वर्षं ते कातारी होते. पलंगांचे पाय, जिन्यांचे गज, पाळण्यांच्या दांड्या, सगळं त्यांच्या हातून फिरून गेलं आहे. आता हात थरथरतो म्हणून पटाशी धरत नाहीत. जीभ थरथरत नाही.

"जावईबापू, हे काय म्हणायचं?"

"फुलदाणी होती."

"पाणी कुठे राहणार?"

"सुकी फुलं ठेवायची."

"मग फुलंच कशाला? नुसतं भोक ठेवा."

साहेब, बावीस वर्षं या माणसाने मला 'कागदी' म्हटलं आहे. लग्नाच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेऊन तळव्याकडे पाहिलं होतं. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. ते घट्टे शोधत होते.

त्यानंतर बायकोने अट घातली. महिनाअखेरपर्यंत त्या यंत्रावर झालेली एक तरी वस्तू घराबाहेरच्या एका तरी माणसाने वापरली पाहिजे. नाही तर यंत्र जाईल आणि कपडे बाल्कनीत परततील.

"मी वापरली तर?" मी विचारलं.

"तुमचं धरायचं नाही. तुम्ही तर ती बशीसुद्धा वापराल."

तेव्हा कृपया हे समजून घ्यावं, की मूठ ही माझी हौस नव्हती. ती माझी शेवटची संधी होती. घराबाहेरच्या कुणालाही माझ्या हातचं बटणसुद्धा नको होतं. आणि इथे तर एका अख्ख्या कार्यालयाला मूठ हवी होती.

पहिली मूठ मी ओल्या लाकडाची केली. लाकूड आमच्या इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी दिलं. आवारातल्या झाडाची फांदी तोडली होती, ती त्यांनी स्वतः वर आणून दिली. "फुकट आहे, घ्या. लाकूड ते लाकूड." हे सेक्रेटरी आयुष्यभर विमा विकत होते, 'लाकूड ते लाकूड' हे त्यांचं लाकडाबद्दलचं संपूर्ण ज्ञान. मूठ सुरेख झाली. दोन दिवसांनी टेबलावर ठेवल्या जागी तडकली, आणि असा आवाज आला की सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सुकलं वाटतं."

आधी सांगितलं असतं तर? "तुम्ही विचारलं नाहीत."

मग सेक्रेटरींनीच दुसरा सल्ला दिला. खाली दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांना आवाज जातो, तर यंत्राच्या पायांखाली उश्या घाला. मी घातल्या. यंत्र सुरू केलं आणि ते चालायला लागलं. माझ्यासमोरून, दुडुदुडु, कठड्याच्या दिशेने. मी त्याला मिठी मारली. त्या स्थितीत आम्ही दोघं बराच वेळ थरथरत होतो, कारण बटण माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.

[समास: मी बंद केलं. आधी थोडा वेळ पाहिलं.]

उश्या काढल्या. दुसरी मूठ लांबीला जास्त झाली. शिक्का मारायला उभं राहावं लागलं असतं. तिसरीबद्दल प्रश्न पाचमध्ये येईल.

प्रश्न ४. उपरोक्त बाबतीत नमूद बाबींच्या अनुषंगाने सदर बाब आपल्या निदर्शनास आली असल्यास ती तशी निदर्शनास का आणून दिली नाही, अथवा कसे?

हा प्रश्न मी तीनदा वाचला. सासऱ्यांनाही वाचून दाखवला. ते म्हणाले, "याला दोन्ही टोकांना पकडलंच नाहीये. नुसतं फिरतंय."

उत्तर: अथवा कसे.

प्रश्न ५. आपल्या इमारतीतील रहिवाशांनी कार्यालयाकडे केलेल्या तक्रारीबाबत आपले म्हणणे काय?

'रहिवाशांनी' म्हणजे दोघांनी.

तिसरी मूठ मोडक्या टेबलाच्या पायापासून केली. ती जवळजवळ पूर्ण झाली होती. मी मागचं टोक आवळायला विसरलो. यंत्र सुरू केलं. मूठ निघाली, कठडा ओलांडून गेली. खाली डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी आहे आणि तिच्यावर हातभर उंचीची पांढरीशुभ्र दाढ आहे. मूठ त्या दाढेवर आदळली. दाढेचा कोपरा उडाला.

मी खाली गेलो. डॉक्टर रस्त्यात उभे राहून पाटीकडे पाहत होते. हातात तो कोपरा.

"हे तुमचं काम का?"

"चुकून झालं, डॉक्टर."

"पेशंट काय म्हणतील? ज्याला स्वतःची पाटीवरची दाढ सांभाळता येत नाही..."

"भरून घ्या ना. तुमचंच काम आहे ते."

मी मदत म्हणून म्हणालो होतो. त्यांना ते तसं वाटलं नाही. मग त्यांचं खरं दुःख बाहेर आलं. माझ्या लेथचा आवाज खाली अगदी त्यांच्या मशीनसारखा ऐकू येतो. बाकावर बसलेल्या पेशंटना वाटतं, आत कोणाची तरी दाढ दोन तास कोरली जाते आहे. गेल्या आठवड्यात तिघं न सांगता उठून गेले. एकाचा तर दातही दुखायचा थांबला.

आता सांगा, ही तक्रार माझ्याविरुद्ध आहे की मी समाजसेवा केली असं प्रमाणपत्र आहे?

सेक्रेटरींनी यात उडी घेतली. गेल्या निवडणुकीत मी त्यांना मत दिलं नव्हतं, आणि मतं एकूण अकराच असल्यामुळे ते त्यांना मोजता आलं होतं. ते म्हणाले, राहत्या इमारतीत यंत्र चालवायचं तर 'घरगुती वापराचं यंत्र' असल्याचा दाखला हवा.

"कोण देतं तो?"

"तुमचंच ऑफिस," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांना जो आनंद झाला, तेवढा विमा विकूनही झाला नसेल. "गोल शिक्क्यासकट हवा हं. गोल."

म्हणजे लेथ चालवायला शिक्का हवा, शिक्क्याला मूठ हवी आणि मूठ करायला लेथ हवं. इतकं सुबक गोल काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

प्रश्न ६. सोमवारी एकूण १३२ कागदांवर उलटसुलट व तिरपे शिक्के कसे उठले, याचा तपशील द्यावा.

आता मुद्द्यावर आलात.

शुक्रवारी मी शिक्का घरी नेला, कारण मुठीचं बूड शिक्क्याच्या चकतीत नेमकं बसवायचं होतं. शनिवारी सकाळी सासऱ्यांनी पलंगाखालून एक पुडकं ओढून काढलं. जुन्या धोतरात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. काळपट, जड, वीस वर्षं वाळलेला.

"वाया घालवू नका," एवढंच म्हणाले, आणि स्टूल घेऊन बाल्कनीच्या दारात बसले.

साहेब, तो शनिवार मी विसरणार नाही. पटाशी पहिल्यांदा लाकडाशी भांडली नाही. भुसा उडाला नाही. लांब, रेशमासारख्या ढलप्या निघून मनगटावर गुंडाळल्या गेल्या. खाली बाकावरून पेशंट उठून गेले असतील तर गेले. वर गोल डोकं, मग निमुळती मान, मग पोट, मग बूड. घासली, तेल लावलं. कुठूनही पाहा, सारखीच. एक टवका नाही, एक रेघ नाही. मी ती सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवली. पुन्हा फिरवली. बराच वेळ.

"वर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हे काय, डोकं वर आहे."

"ते नाही. वर कुठे आहे?"

मला वाटलं, झालं सुरू. बावीस वर्षांत ज्याने एकदा चांगलं म्हटलं नाही, तो आताही म्हणणार नाही. मी मूठ काढून घेतली आणि म्हणालो, "काही कामात खोट नसते, हे मान्य करायला शिका."

ते गप्प बसले. त्यांना गप्प बसवल्याचा मला विलक्षण आनंद झाला. तो अडीच दिवस टिकला.

सोमवारी मी मूठ बसवलेला शिक्का टेबलावर ठेवला. शिपाई म्हणाला, "भाऊ, काय चकाकते हो!" दोन टायपिस्ट उठून पाहायला आल्या. भांडारपालांनी विचारलं, "यादीत आहे का ही?" मी छाती काढून शिक्के मारायला सुरुवात केली. नेहमीसारखे. खाली न पाहता. समोरच्या माणसाकडे पाहत, त्याचं रडगाणं ऐकत. शेवटी माझा स्वतःचा लेथचा दाखला. त्यावर सही आपली, शिक्का माझा. एकूण एकशे एकेचाळीस.

मंगळवारी सकाळी तो दाखला सेक्रेटरींनी भिंगातून पाहिला. हा माणूस दुधाच्या पिशवीवरची बारीक अक्षरंही भिंगातून वाचतो. त्यांनी दाखला सरळ धरला, मग उलटा धरला, मग मला हाक मारली. चेहरा असा, की कोणाला तरी मुलगा झाला आहे.

"अहो, शिक्का डोक्यावर उभा आहे!"

खरंच होता. कार्यालयाचं नाव खाली, उलटं लटकलेलं. मी धावत कार्यालयात गेलो आणि स्थळप्रती काढल्या. एक उजवीकडे कलंडलेला. एक डावीकडे. एक पुन्हा डोक्यावर. सरळ उठलेले नऊ, आणि तेही निव्वळ योगायोगाने; उरलेले एकशे बत्तीस. कारण शिक्का गोल, चकती गोल, आणि आता मूठही गोल. एकोणीस वर्षं माझ्या अंगठ्याला त्या खळग्यावरून कळत होतं की कार्यालयाचं नाव कुठल्या बाजूला आहे. मी इतकी निर्दोष मूठ केली होती की तिला बाजूच नव्हती.

तोपर्यंत सेक्रेटरी आपल्या केबिनमध्ये पोचले होते. भिंगासकट.

त्या संध्याकाळी चकती कार्यालयातच ठेवून, यादीत नसलेली नुसती मूठ घेऊन घरी आलो तेव्हा सासरे स्टुलावरच होते.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही टोमणा मारताय."

"टोमणाच होता. त्यात माहितीही होती."

"स्पष्ट सांगायचं होतं."

"लेथवर वर नसतं, जावईबापू. सगळ्या बाजू सारख्या. वस्तू उतरवल्यावर तिला वर करावी लागते. पाळण्याच्या दांडीलासुद्धा आम्ही खूण करायचो. खाच करा तिला."

साहेब, मी चाकू घेतला आणि मला जमेना. आयुष्यात एकच निर्दोष गोष्ट हातून झाली होती आणि तिच्यावर मीच वार करायचा! चाकू सासऱ्यांकडे दिला. त्यांचा हात वयाने थरथरत होता, माझा दुःखाने. एकूण चार हात, कामाचा एकही नाही. तेवढ्यात बायको वाळलेले कपडे घेऊन आली. कपडे माझ्या डोक्यावर ठेवले, मूठ घेतली, चाकू घेतला आणि एका कापात अंगठ्याएवढी खाच पाडली. मग खाचेवर अंगठा टेकवून पाहिला. कातारीची मुलगी आहे, हे मी बावीस वर्षं विसरलो होतो.

[समास: दोन कापांत. एका कापात फाटली असती.]

"आता झाली," सासरे म्हणाले. "आधी नुसतं गोल लाकूड होतं."

एवढंच. पण हे चांगलं म्हणणं आहे, असं बायकोचं मत आहे, आणि ती त्यांची भाषा माझ्यापेक्षा जास्त जाणते.

मधल्या काळात घडलेली एक गोष्ट तपशिलात यायला हवी. मंगळवारी दुपारी, खाच पडण्याआधी, आपण ही नोटीस काढलीत. माझ्यावर विश्वास नाही म्हणून तिच्यावरचा शिक्का आपण स्वतः, आपल्या हाताने मारलात. टिपकागदावर चार वेळा तालीम केलीत आणि मग मारलात. तो सरळ आहे. मी सेक्रेटरींचं भिंग मागून तपासला. शिपाई तिथे उभा होता. त्याच्या सांगण्यानुसार तिसऱ्या तालमीच्या वेळी आपण मूठ हातात खेळवलीत आणि म्हणालात, "पकड मात्र बरी आहे."

आपण घराबाहेरचे आहात, साहेब. आपण ती वापरलीत. हे मी त्याच दिवशी बायकोपुढे सादर केलं.

[समास: एकदा वापरून होत नाही. महिनाअखेर वापरात दिसली पाहिजे.]

तिने आपल्याकडे नोकरी का केली नाही, कळत नाही. एव्हाना आपल्या खुर्चीवर असती.

दाताचे डॉक्टरही त्या एकशे बत्तिसांत निघाले. त्यांच्या दवाखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण सोमवारचंच. शिक्का आडवा. आपल्या प्रश्न दोनप्रमाणे तो परवाना बिनशिक्क्याचा, म्हणून दवाखाना बंद. बुधवारी ते फेरशिक्क्याच्या रांगेत उभे होते, गालावर हात ठेवून. मी त्यांना म्हणालो, "बसा. दुखत नाही, एका मिनिटात होतं." आणि मग चहाला गेलो.

परत आलो तर ते मूठ हातात घेऊन बसले होते. खाचेवर अंगठा. त्यांनी विचारलं, दात पाहायच्या आरशाच्या दांड्याला अशी पकड करता येईल का, कारण दिवसभर ती बारीक सळई धरून त्यांची बोटं आखडतात. मी म्हणालो, आवाज होईल. ते म्हणाले, दुपारी एक ते तीन दवाखाना बंदच असतो. तक्रार त्यांनी तिथेच मागे घेतली. सेक्रेटरींची तक्रार राहिली आहे. ती राहू द्यावी. त्यांना दुसरं कोणी नाही.

[समास: आरशाचा दांडा अजून झालेला नाही. धरणार नाही.]

प्रश्न ७. लाकडी मुठीचा शिक्का आजपासून बाद करून प्लास्टिकचा शिक्का वापरात आणण्याचा आदेश सोबत जोडला आहे. त्यावर विद्यमान शिक्का मारून तो या खुलाशासोबत परत करावा.

आदेश वाचला. प्लास्टिकचा शिक्काही पाहिला. निळा आहे. दाबला की आतून 'टिक्' करतो, आणि मारणाऱ्याला कळतं की आपण काहीच केलेलं नाही.

आज महिनाअखेर आहे. हा आदेश अंमलात आला तर मूठ आज भांडारात जाईल, जिथे ती यादीत नसल्यामुळे तिला जागा नाही. संध्याकाळी लेथ जाईल. सासऱ्यांचं स्टूल परत पेपराच्या कोपऱ्यात जाईल. गेल्या दोन दिवसांत ते मला पटाशीला धार कशी लावायची ते दाखवताहेत. शिव्या देत दाखवताहेत, पण दाखवताहेत. हे आपल्याला सांगून उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. नाकातून हसता येईल असा मजकूर आपल्याला पुरवायची माझी इच्छा नाही.

मी आपला हाताखालचा माणूस आहे. आदेशावर शिक्का मारणं माझं काम आहे. ते मी केलं आहे. आदेश सोबत परत करत आहे.

आपण तो उघडाल तेव्हा कार्यालयाचं नाव डोक्यावर उभं दिसेल. नेमकं डोक्यावर, एक रेघही इकडेतिकडे कलंडलेलं नाही. प्रश्न दोनमध्ये आपण सहीनिशी ठरवून दिल्याप्रमाणे हा आदेश बिनशिक्क्याचा आहे आणि फेरशिक्का मारून घेईपर्यंत अंमलात येत नाही. फेरशिक्क्याच्या रांगेत त्याचा क्रमांक एकशे तेहेतिसावा लावला आहे. काम काळजीपूर्वक करावं अशी आपलीच सूचना असल्यामुळे मी रोज चार कागद करतो.

माझी चूक मी वर सहा प्रश्नांत मान्य केली आहे. सातव्यात ती शोधू नये. मुठीला आता खाच आहे. वर कुठे आहे ते माझ्या अंगठ्याला माहीत होतं. त्याने विचार करून मूठ अर्धी फिरवली. खुर्ची फिरवतात तशी. फक्त परत आणली नाही.

आपला आज्ञाधारक,
गोल शिक्क्याचा कारकून

[समास: पक्की प्रत वाचून पाहिली. बाबांनाही वाचून दाखवली. ते हसले, नाकातून नाही. कपडे राहू द्या दिवाणखान्यात.]